आमदार साहेब अक्षतांना हजर होते

परवा एका लग्नाच्या व्हिडिओचं बिल मला अर्धंच मिळालं. कारण काय, तर काम मी केलंच नाही, एआयनं केलं. हा निकाल नवरदेवाच्या दाजींनी दिला. माझ्याच खुर्चीत बसून, मीच मागवलेला चहा पीत.

परभणी जिल्ह्यातल्या लग्नात दाजी म्हणजे सर्वोच्च न्यायालय. नवरदेवाचा बाप व्याह्यांना हात जोडण्यात गुंतलेला, नवरदेव फेट्यात अडकलेला. मंडपवाला, बँडवाला, आचारी आणि आम्ही व्हिडिओवाले, सगळे दाजींच्या ताब्यात. त्यात या दाजींना मोबाईलवर बातम्या वाचायचा नाद. त्यातलीच एक घेऊन ते खताच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत आले.

"भाऊ, तुमचा धंदा बसायलाय म्हणं."

"कोण म्हणलं?"

"बातमी आलीय. आता एडिटर लागतच नाही. एआयचं बटण दाबलं की लग्न तयार."

मूळ बातमी मला माहीत होती. दर एप्रिलात अमेरिकेत लास व्हेगासला एनएबी नावाचा टीव्ही-व्हिडिओवाल्यांचा मोठा मेळा भरतो आणि त्या सुमारास एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या घोषणांचा पाऊस पडतो. २०२५च्या एप्रिलात प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'जनरेटिव्ह एक्स्टेंड' आलं. शॉट शेवटी थोडका पडला तर पुढचा तुकडा एआय बनवून देतं. किती? व्हिडिओ असेल तर जास्तीत जास्त दोन सेकंद. व्हेगासहून निघालेले हे दोन सेकंद परभणीत पोचेपर्यंत हळदीपासून बिदाईपर्यंतचं अख्खं लग्न झाले होते.

"बारीक काम हाय," दाजी म्हणाले. गिऱ्हाईक 'बारीक काम' म्हणालं की मी आधी पाणी पिऊन घेतो. "अक्षता पडताना आमदार साहेब दिसायला पाहिजेत."

"दाजी, लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. साहेब रात्री नवाला आले."

"तेच म्हणायलोय. त्यांना जरा अलीकडं घ्या."

"साहेबांना?"

"मग काय लग्न पलीकडं नेता? मुहूर्त हाय त्यो. आन् आमच्या साडूला काढा."

"ते तर नवरीच्या बापाशेजारीच उभे आहेत."

"म्हणून तर काढा."

साडूचं प्रकरण मी चहावर ढकललं. साहेबांचं मात्र अडलं, कारण ते आले तेव्हा आमचा कॅमेरामन पंगतीत बसला होता. साहेबांचं चित्रण होतं ते फक्त दाजींच्या फोनमध्ये. ते त्यांनी व्हॉट्सॲपवर धाडलं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळं साहेब कोणत्या पक्षाचे तेही ओळखू येईना. मी म्हणालो, दाजी, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्वालिटी जात नाही. थोड्या वेळानं आलं: आधार कार्ड, गट नंबरसहित सातबारा आणि पासबुकाचं पहिलं पान. मागोमाग फोन. "अजून कोणतं लागतंय? रेशन कार्ड घरी हाय."

शेवटी फोनच मागवून घेतला. त्यातही गंमत होती. कॅमेरा सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे चित्रं, घेतो म्हटलं की पंचवीसच घेतो. फोन उजेड बघून मनाला येईल तसं कमी-जास्त करतो. ते तसंच टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे जोडायच्या पट्टीवर, टाकलं की टाळी आधी वाजते आणि साहेबांचे हात नंतर जुळतात. 'हँडब्रेक' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालून फ्रेम रेट ठाम करून घेतला, तेव्हा साहेब ताळ्यावर आले.

पण चेहऱ्यावर काळे पट्टे पळत होते. यावर शिकवणारे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगानं आहेत. शिकवणारा गोरा पोरगा दाढी विंचरून बसलेला, मागं निळा दिवा, हातात कॉफी. तो सांगतो, शटर १/६० सेकंदावर ठेवा. अरे बाबा, तुमच्याकडं वीज साठ हर्ट्झची, आमच्याकडं पन्नासची. आमचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, तिथं शटर १/५० नाहीतर १/१०० लागतं. ही गोष्ट आमच्या पोरांना मराठीतून कोण सांगणार? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकवतात, पण तिथं किती जण पोचणार? इथला पोरगा इंग्रजी व्हिडिओ बघत शिकतो. त्यात रंग कसे सुधारायचे ते आइसलँडच्या धबधब्यावर करून दाखवतात. हॅलोजनखाली घामेजलेल्या, हळद लागलेल्या, गुलाबी फेट्याची झाक गालावर पडलेल्या नवरदेवाचं काय करायचं, ते कुणी दाखवत नाही. पट्ट्यांवर मी जुनी युक्ती केली. तोच शॉट त्याच्यावरच ठेवला, एक फ्रेम सरकवला आणि वरचा शॉट पन्नास टक्के पारदर्शक केला. पट्टे पुसट झाले.

तोवर कॉम्प्युटर तापला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्यानं मे महिन्यात इथं रेंडर, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांचा एकसंध व्हिडिओ बनवायला, लावून बघितलेलं दिसत नाही. माझ्या खोलीतल्या कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं असतं. मी कडेनं जो वारा निसटेल त्यावर भागवतो. वर सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याला कापलं जातं. आषाढीला देव झोपले की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाही, हे त्या कंपनीला कोण समजावणार? मध्ये अधिक महिना आला तर आणखी भर.

असो. साहेब.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. मोझ्झुखिन नावाच्या नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सूपाची थाळी जोडली, एकदा शवपेटी, एकदा दिवाणावर पहुडलेली बाई. लोक म्हणाले, काय अभिनय आहे! भूक बघा, दुःख बघा, ओढ बघा. चेहरा तिन्ही वेळा तोच. आमचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

दाजींच्या चित्रणात साहेब आइस्क्रीमचा कप धरून डावीकडं बघत होते. डावीकडं पंगत होती. फोनचा व्हिडिओ फोर-के होता, म्हणजे आमच्या फुल एचडीच्या चौपट पिक्सल. त्यामुळं चित्र न फाटता कप, पंगत आणि एलईडी भिंत कापून टाकता आली. राहिला नुसता चेहरा. रात्रीचा पांढरा उजेड ओढून संध्याकाळच्या पिवळ्यावर आणला. मग जोडणी: 'शुभ मंगल सावधान', अक्षता उडवणारे हात, नवरीच्या बापाचे भरलेले डोळे आणि साहेब. पंगतीकडं लागलेली ती नजर इतकी हळवी दिसायला लागली की साहेब नवरीचे सख्खे मामा वाटावेत.

दाजींनी ते परत परत बघितलं. उपरण्यानं डोळे पुसले.

"एआय लई भारी हाय, भाऊ."

"दाजी, यात एआय नाही. हे मी केलं."

"व्हय की. बटण तुम्हीच दाबलं."

मी त्यांना कुलेशॉव्ह सांगितला. सूप सांगितलं, शवपेटी सांगितली. लग्नाच्या व्हिडिओत शवपेटी कामून काढली म्हणून ते उलट रागावले. मग पैशावर आले. "हार्वेस्टर आल्यावर सोयाबीनच्या सोंगणीचा भाव उतरला का नाही? मशीनच्या कामाला माणसाची मजुरी कशी लावायची?" हार्वेस्टरवालाही एकरी पैसे मोजून घेतो, हे मला दाजी जिना उतरून गेल्यावर सुचलं.

खरं सांगतो, राग दाजींचा कमी आहे. ड्रोनवाल्याभोवती पोरांचा गराडा असतो. कॅमेरावाल्याला पहिल्या पंगतीत बसवतात. एडिटर कुणी बघितलेलाच नसतो. जोड दिसला नाही तर काम चांगलं, आणि जोड दिसला नाही म्हणून पैसेही नाहीत. पूर्वी निदान 'कॉम्प्युटरनं केलं' म्हणायचे. कॉम्प्युटर माझा होता, एवढं तरी समाधान होतं.

दाजींनी तो तुकडा स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'एआय व्हिडिओ'. साडू त्यात तसाच होता. तो बघून साडूनं मला फोन करून आभार मानले, म्हणजे तिकडंही आता भांडण लागणार.

आणि काल साहेबांच्या पीएचा फोन. साहेबांना फार आवडलं म्हणे. "भाऊ, दाट तिथीला साहेबांना सगळीकडं जाणं होत नाही, लोक नाराज होतात. तुमच्याकडं तो शॉट हाय ना? आम्ही पत्रिका पाठवतो, तुम्ही प्रत्येक लग्नात साहेबांना बसवत जा. एक दिवसाचा करून ठेवा, एक रात्रीचा."

मी पैशाचं विचारलं.

"दाजी म्हणाले, अर्ध्यात होतंय. आपण तर ठोकमध्ये काम द्यायलोय, त्याच्या अर्ध्यात बसवा."