“आजीचे ग्लास भंगाराच्या भावात मागितले” या अभिप्रायावर दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजीचे 1938 सालचे बेल्जियमचे सहा ग्लास मी नगाला दीडशेनं मागितले, नेटवर तसाच एकेक ग्लास चार हजारांना आहे, हिरव्या बाउलवर निळी बॅटरी मारून मी नाटक केलं आणि चहासुद्धा विचारला नाही. चहा सांगितलेला होता, तो यायच्या आत तुम्ही उठलात. बाकीचं जरा सविस्तर लिहितो. भुसावळ, अमळनेर, चाळीसगावहून लोक हेच प्रश्न घेऊन जळगावला येतात, त्यांच्याही कामी येईल.

ग्लासाच्या बुडाशी 38 आहे, खरंय. पण त्याच बुडावर गोलाकार ‘ड्युरालेक्स’ आणि ‘फ्रान्स’ अशी उठावाची अक्षरं आहेत. भिंग मी तुमच्याच हातात दिलं होतं. ड्युरालेक्स हे नाव बाजारात आलं 1945 मध्ये, मग त्यावर 1938 कुठून येणार? तो आकडा साच्याचा आहे. कारखान्यात एका वेळी बरेच साचे चालतात, त्यातल्या एखाद्यातून खोटीचा माल यायला लागला तर नेमका कोणता ते कळावं म्हणून प्रत्येकाला नंबर देतात. तुमच्या सहा ग्लासांवर चार वेगवेगळे आकडे होते. आजींनी थोडंच वर्षाला एकेक ग्लास घेतला असेल! आणि बेल्जियमचं म्हणाल, तर आपल्याकडे जुनी काच दिसली की ती बेल्जियमचीच, मग आरसा असो की लोणच्याची बरणी.

आता दीडशे का? मधासारखा तो रंग लोखंड, गंधक आणि कार्बन यांच्या मेळातून येतो, त्यात महाग काही पडत नाही. लाल-नारिंगी काचेला कॅडमियम-सेलेनियम लागतं, खऱ्या माणिक रंगाला तर चक्क सोनं. शिवाय तुमचे ग्लास टफन्ड काचेचे. हातातून पडले तरी सहसा फुटत नाहीत, म्हणून घराघरांत अजून टिकून आहेत. जे सगळ्यांकडे आहे त्याला कोण जास्त देणार? त्यात दोन ग्लास पांढुरके पडलेत. बोअरच्या पाण्याचा क्षार असेल तर व्हिनेगरनं निघतो. मी तुमच्यासमोर बोळा फिरवला, निघाला नाही. म्हणजे काचच खरवडली गेलीय.

बॅटरीचं नाटक नव्हतं. ती अल्ट्राव्हायोलेट बॅटरी आहे. काचेत युरेनियम असेल तर अंधारात ती झगझगीत पोपटी दिसते, तुमच्या भाच्यानं मोबाइलवर दाखवलेल्या फोटोतल्यासारखी. तुमचा बाउल ढिम्म काळा राहिला. हिरवा रंग लोखंडानं येतो, क्रोमियमनंही येतो. नुसत्या रंगावरून मी शब्द देत नाही. बुडावरचे ओरखडेही बघतो. वर्षानुवर्षं वापरातल्या भांड्यावर ते वेडेवाकडे, सगळ्या दिशांनी असतात. सगळे एकाच दिशेला, एकसारखे दिसले तर कोणीतरी पॉलिशपेपर मारलाय असं समजा.

नेटवरच्या चार हजारांबद्दल. तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे. सराफात तोळ्याचा भाव पाटीवर लिहिलेला असतो, काचेला तशी पाटी नाही. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघायची सोय आहे, तिथे तेच ग्लास शोधून बघा. आणि मी घेतले तरी ते धुऊन, मांडून, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचे मलाच असतात, त्यात माझेही दोन पैसे सुटायला हवेत. हे लपवण्यासारखं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही अभिप्रायात लिहिलीच नाही. पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती फुलदाणी, काचेच्याच हाताच्या पंजात धरल्यासारखी घडवलेली, रॉकेलच्या तवंगासारखी चकाकणारी. “ही जत्रेतली आहे, फुकट घ्या,” असं तुम्ही म्हणालात. मी घेतली नाही. बुडाशी इंग्रजीत ‘जैन’ लिहिलेलं दाखवलं आणि सांगितलं, की ही फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सची आहे, असल्या भारतीय काचेचे शौकीन परदेशातसुद्धा आहेत, तेव्हा घाईनं देऊ नका. भंगाराच्या भावात माल उचलणाऱ्यानं हे सांगितलं असतं का?

ग्लास द्यायचे नसतील तर काहीच हरकत नाही, माझा भाव आहे तोच आहे. फुलदाणीचे तेवढे उजेडात फोटो काढा: समोरून, बुडाचा, आणि काठावर टवका असेल तर त्याचाही. दोन-तीन ठिकाणी विचारा. तारेच्या घासणीनं मुळीच घासू नका, ती चकाकी म्हणजे गरम काचेवर फवारलेल्या धातूच्या क्षारांचा पातळ थर आहे, एकदा गेला की परत येत नाही. आणि दारावर येणाऱ्या बोहारणीला तर देऊच नका.