आत्याचा नवस आणि नव्याण्णव रुपये

'नवरा माझा नवसाचा'चा दुसरा भाग येणारे ही बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकली, त्याखाली अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी अंगठा दाखवला आणि तिथंच मला कळायला पाहिजे होतं की हे माझ्या गळ्यात पडणारे. आमच्यात कायदा असा आहे की बातमी टाकतो तो सुटला, अंगठा दाखवतो तोही सुटला, ज्याच्या मोबाईलमध्ये तिकिटाचं ॲप आहे तो अडकला.

पहिला सिनेमा २००४ चा, दुसरा आला २० सप्टेंबर २०२४ ला. मधे वीस वर्षं. एवढ्या वर्षांत आमच्या गल्लीत तीन वेळा ड्रेनेज खणून झालं, माझे केस गेले, लग्न झालं, मुलगी झाली, ती आता मलाच मोबाईल शिकवते. पण आमच्या घरात पहिल्या भागाबद्दलचं प्रेम काही हललं नाही. ज्यांना गोष्ट माहीत नाही (असा मराठी माणूस कुठं असलाच तर) त्यांच्यासाठी थोडक्यात: वक्या आणि भक्ती, लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, आणि मग कळतं की वक्याच्या बापाने पोरगं व्हावं म्हणून नवस बोललेला की झालं तर त्याला गणपतीपुळ्याला नागव्याने दर्शनाला आणीन, आणि तो नवस फेडायचा राहिलाय. आता पोरगं चांगला बाप्या झालाय. आणि जायचंय एसटीने. एसटीचा कंडक्टर अशोक सराफ. बस, एवढ्यावर सिनेमा उभा आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्ही तो सिनेमा धड कधी बघितलेलाच नाही. शेजारच्यांकडून सीडी आणली होती, दोन सीड्यांचा सेट, त्यातली पहिली चकाचक आणि दुसरीवर कुणीतरी बहुतेक भांडी घासलेली. त्यात तेव्हाचं लोडशेडिंग. त्यामुळं आमच्या घरात पहिल्या सीडीचा सिनेमा तोंडपाठ आणि दुसऱ्या सीडीचा अंदाजपंचे. पुढं टीव्हीवर शंभरदा लागला तेव्हा जाहिरातींच्या मधून मधून शेवट गोळा केला. काका तर प्रत्येक डायलॉग पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी म्हणतात, मग आम्ही सगळे हसतो, मग तो माणूस म्हणतो, तेव्हा आम्ही ऑलरेडी हसून मोकळे झालेले असतो.

हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणारे.

तर २० तारखेला शुक्रवारी नॅशनल सिनेमा डे होता, मल्टिप्लेक्सवाल्यांनी देशभर ९९ रुपयात तिकीट ठेवलं होतं, आणि ही गोष्ट अण्णांना कळली शनिवारी सकाळी, पेपरात. मी रविवारची नऊ तिकिटं काढून बसलेलो. अण्णांनी पेन घेतला, पेपरच्या कडेला नऊ गुणिले नव्याण्णव लिहिलं, त्याच्या शेजारी मी भरलेला आकडा लिहिला, वजाबाकी केली, चष्मा काढला आणि काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसरं संकट आत्याचं. तीन दिवसांपूर्वीच गणपती गेलेले, लेझीमवाल्या पोरांचे पाय अजून सुजलेले, आणि लगेच पितृपंधरवडा लागलेला. आत्या म्हणली पितृपक्षात नवीन काही करत नाहीत, नवीन सिनेमा कसा बघायचा? यावर घरात अर्धा तास खल झाला. आई म्हणली सिनेमा काय विकत घेऊन घरी आणायचाय का. काकू म्हणल्या पण तिकीट विकत घेतलंय ना. शेवटी काकांनी निकाल दिला, "अगं तोच नवस, तोच गणपती, तेच सचिन-सुप्रिया, तोच अशोक सराफ. ह्यात नवीन काय हाय? जुनंच हाय की!" आत्याला ते पटलं. (समीक्षा म्हणून हे एक वाक्य मी पुढं वाचलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा सरस होतं, आणि तेही सिनेमा बघायच्या आधी.)

रविवारी शो तीनचा. आणि पाणी आलं दोनला. सोलापूरकरांना यापुढं काही सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं पाणी आलेलं असताना घर सोडून जाणं म्हणजे नवरदेवाने अक्षता पडताना मांडवातून उठून जाण्यासारखं आहे. आईने सांगितलं टाकी भरल्याशिवाय मी हलणार नाही, सचिनला म्हणावं थांब. शेवटी चुलतभावाला मोटरपाशी बसवून आठ जण निघालो, म्हणजे एक तिकीट वाया, म्हणजे अण्णांची परत एक वजाबाकी.

थेटरच्या दारात सिक्युरिटीवाल्याने आत्याची पिशवी उघडली. त्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा, आणि खाली घडी करून एक अख्खी चादर. आपली सोलापुरी, डबल बेडची.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"बाहेरचं कुठाय बाबा? घरचं हाय की सगळं."

त्या पोराने माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघितलं. शेवटी भाकरी आणि डबा बाहेर राहिले, चादर आत गेली कारण चादरीबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. चटणीची पुडी चादरीच्या घडीत कधी गेली ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं पण नाही. आत एसी असा सोडलेला की पहिल्या दहा मिनिटांत आत्याची चादर आत्या, आई, काकू, माझी मुलगी आणि पलीकडच्या अनोळखी ताई एवढ्यांवर पसरलेली, आणि अंधारात मधूनच लसणाचा वास.

आता सिनेमा. दुसऱ्या भागात वक्या-भक्तीची मुलगी मोठी झालीय, होणारा जावई स्वप्नील जोशी, परत नवस, परत गणपतीपुळे, पण या वेळी कोकण रेल्वेने, आणि अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झालेत. त्यांची एंट्री झाली आणि अख्ख्या थेटरात शिट्ट्या. ते फक्त आले होते, अजून काही केलेलं नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस नुसता कोट घालून दारात उभा राहतो आणि लोक हसायला लागतात, याला काय म्हणायचं? त्याच वर्षी त्यांना महाराष्ट्र भूषण दिला तेव्हा आई म्हणाली होती की ह्यांना एवढ्या उशिरा का, आणि एंट्रीला ती पदराने डोळे पुसत होती. विनोदी सिनेमा होता हे मी परत सांगतो.

पण नंतर माझं लक्ष काकांकडं गेलं. काका नुसते चुळबुळ करायलेले. तोंड उघडायचे, मिटायचे. मी म्हणलं छातीत वगैरे दुखतंय का. तर नाही, त्यांना पुढचा डायलॉगच माहीत नव्हता! आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस या लोकांच्या तोंडून काय येणारे ते न कळता बसलेला होता, आणि त्याला ते झेपत नव्हतं. एकदा त्यांनी अंदाजाने काहीतरी म्हणून पण बघितलं, ते चुकलं, पुढच्या रांगेतून "ओ काका" असा आवाज आला. आणि काका आधी हसले नाहीत तर आम्हाला पण कळेना कधी हसायचं. पहिल्या सिनेमाला आम्ही वीस वर्षं दिली, घासून घासून गुळगुळीत केला, आणि या बिचाऱ्याला दिलेले अडीच तास, त्यातली पण दहा मिनिटं आत्याला बाथरूमला नेण्यात गेली. मॅच बरोबरीची नव्हती हे मान्य.

तरी पण. बरोबरीची असती तरी हरलाच असता, आणि त्याचं कारण माझ्या मते रेल्वे. माझी बायको रत्नागिरीची, ती पहिल्यापासून कानात सांगत होती, "गणपतीपुळ्याला रेल्वे जातच नाही, रत्नागिरीला उतरून पुढं गाडी करावी लागते." हे ती लग्न झाल्यापासून दर सुट्टीला सांगते त्यामुळं मी फार मनावर घेतलं नाही. पण मग ती म्हणाली की कोकण रेल्वे तर १९९८ पासून चालू आहे, म्हणजे पहिला सिनेमा आला तेव्हा पण होतीच की, तरी ते एसटीनेच गेले. आणि माझी ट्यूब पेटली.

एसटीच पाहिजे होती! एसटी म्हणजे एक डबा, एक दार, आणि त्यात कोंबलेली माणसं एकमेकांपासून पळूच शकत नाहीत. कोणाची भानगड मागच्या सीटवर झाली की पुढच्या सीटला कळणारच. आणि कंडक्टर त्या राज्याचा राजा. त्याने डबल बेल मारली तर जग पुढं जाणार, नाहीतर आपण सगळे चहाच्या टपरीपाशी. आमच्या सोलापूरच्या स्टँडवर मी असले कंडक्टर बघितलेत की सुट्ट्या दोन रुपयांसाठी अख्खी गाडी मोहोळपर्यंत त्यांच्या दहशतीखाली शांत बसलेली. टीसीचं तसं नसतं हो. टीसी येतो, तिकीट बघतो, जातो. तुम्ही वरच्या बर्थवर झोपून जाऊ शकता, दुसऱ्या डब्यात जाऊ शकता. मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला इतक्यांदा गेलोय, एकाही टीसीचा चेहरा आठवत नाही, पण लहानपणी ज्या कंडक्टरने माझं अर्धं तिकीट नाकारून "मिसरूड फुटलंय की बे तुला" म्हणलं त्याचा चेहरा मी मरताना पण ओळखीन. तर नव्या सिनेमात माणसं भरपूर आहेत, सिद्धार्थ जाधव आहे, निर्मिती सावंत आहेत, वैभव मांगले आहेत, एकेकटे हसवतात पण, पण गाडी एवढी लांब की सगळे पांगलेत. गर्दी आहे, चेंगराचेंगरी नाही. कॉमेडीला चेंगराचेंगरी लागते.

गाण्यांचा विषय पार्क चौकात पावभाजी खाताना निघाला. घरगुती कोर्ट तिथंच भरतं आमचं. आई म्हणाली गाणी चांगली होती. काका म्हणले, "बरं, म्हणून दाखव एक." आई विचार करायला लागली. काकू विचार करायला लागल्या. मी स्वतः दोन ओळी आठवायचा प्रयत्न केला आणि निम्म्यात माझ्या तोंडून आपोआप 'हिरवा निसर्ग हा भवतीने' निघालं, जे पहिल्यातलं आहे, सोनू निगम चक्क त्या एसटीत बसून म्हणतो ते. झालं, मग आख्खं टेबल. शेजारच्या टेबलावरचे पण. पावभाजीवाला पण तव्यावर ताल धरून. खरंतर गंमत अशी की हे गाणं आमच्याकडं प्रत्येक शाळेच्या सहलीत म्हणतात, गाडी अक्कलकोट रोडला असते, दोन्ही बाजूला वेड्या बाभळी, उन्हाने रस्ता वितळलेला, आणि पन्नास पोरं बेंबीच्या देठापासून हिरवा निसर्ग हिरवा निसर्ग. माझ्या मुलीने तर एकदा विचारलं होतं, "पप्पा, कुठाय?"

निकाल असा लागला. काका: पहिल्याची सर नाही. काकू: पहिल्याची सर नाही पण काका घरातून बाहेर पडले हे काय कमी आहे. आई: अशोक सराफसाठी परत बघेन. बायको: रत्नागिरीला उतरावं लागतं. मुलगी: मला आवडला. (तिने पहिला बघितलेला नाही. तिला एकटीला तो नुसता सिनेमा दिसला, आम्हा सगळ्यांना तो पहिल्याचा धाकटा भाऊ दिसत होता.) अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पाव संपवला, हात धुतले आणि मग म्हणले, "नव्याण्णवला चांगला हाय. तू काढलेल्या तिकिटाला नाही." यापेक्षा अचूक परीक्षण कोणी लिहून दाखवावं.

आत्या मात्र गप्प. नेहमी सगळ्यात आधी बोलणारी बाई भाजीत पाव बुडवून तसाच धरून बसलेली.

"काय झालं आत्या? आवडला नाही का?"

"तसं नाही रे," ती हळू आवाजात म्हणली. "तू दहावीला होतास बघ. गणिताची बोंब होती तुझी. तवा आपण ती शीडी आणली होती."

"बरं मग?"

"मग म्या तवाच बोलले होते. पोरगं गणितात सुटू दे, गणपतीपुळ्याला आणते म्हणून. ते राहूनच गेलं की रे."

गणितात मला छत्तीस पडले होते. आजपर्यंत मला वाटत होतं की ते माझ्या अभ्यासामुळं पडले. टेबलावर एकदम शांतता. अण्णांनी चष्मा लावला. काकांनी मोबाईल काढून एसटी का रेल्वे यावर चर्चा सुरू पण केली, बायकोने तोंड उघडलं, सगळे एकदम म्हणले "रत्नागिरीला उतरावं लागतं, माहीत आहे." दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, मिरज मार्गे जाऊ, नऊ जण, या वेळी मोटरपाशी कोणी बसायचं, वगैरे वगैरे. माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी खुर्ची आत्याजवळ सरकवली.

"आत्या, नीट आठव. नवस बोललीस तेव्हा नुसतं 'आणते' म्हणलीस, का कपड्यांचं पण काही म्हणली होतीस?"

आत्याने माझ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. टक्कल, पोट, सगळं. मग चादर खांद्यावर ओढून घेतली.

"तेच तर आठवंना झालंय बघ."