मालकाचं उत्तर: ताई, ते मासे आमच्या दुकानातले नव्हते

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंय: '४,२०० रुपये घेतले, टाकीत चक्क माती भरून दिली, दिवसभर लाईट लावूनसुद्धा झाडांची पानं सडली, पाणी हिरवं झालं, आजारी मासे गळ्यात मारले ते आठवड्यात मेले, मालक फोन उचलत नाही.' सोबत टाकीचा फोटो. मेलेले मासे बघून तुमची लेक दोन दिवस जेवली नाही, हे वाचून खरंच वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो.

पण माशांचं तेवढं मला बोलू द्या. बाकी सगळं मी ऐकून घेईन.

आमच्या दुकानातून तुमच्या घरी एकही मासा गेलेला नाही. बिलाची दुसरी प्रत माझ्यासमोर आहे. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, लाईट, स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप, लाकूड, पाच जातींची झाडं, माती आणि वाळू. बेरीज ४,२००. माशांचा रकाना रिकामा आहे आणि त्याखाली मी पेनानं लिहिलंय, 'मासे ४ आठवड्यांनी'. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मान्य आहे, पण ४ हा आकडा कुणालाही वाचता येईल.

दाजी आले होते टाकी न्यायला. त्यांनी गप्पी माशांच्या टाकीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "यातले दहा द्या की, पोरीला मासे बघायचेत, नुसतं गवत काय बघायचं?" मी म्हणालो, "आत्ता नको ओ, टाकी सायकल होऊ दे, म्हणजे आधी मुरू दे." गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना माल नाही म्हणणारा दुकानदार आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीत कितीसे सापडतील तुम्हीच सांगा. त्या दिवशी मला त्या गप्पींचे तीनशे रुपये आले असते, आणि दिवाळीनंतर भाडं थकलेलंच होतं. तरी नाही दिले.

का नाही दिले तेही सांगतो, कारण त्यातच सगळं आलं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी. टाकी मुरली की स्पंजवर, वाळूवर जिवाणू धरतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडं खातात. हे जिवाणू विरजणासारखे, लागायला वेळ घेतात. चार ते सहा आठवडे धरायचे. भरपूर झाडं कोंबली तर मासे लवकर सोडता येतात असं म्हणणारेही आहेत, आणि ते खोटं नाही. पण तुमच्या टाकीत मूठभर झाडं होती, त्यांनी अजून मूळसुद्धा धरलं नव्हतं.

आता तुमचाच फोटो मोठा करून बघा. त्यात दोन गोल्डफिश आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात काळपट 'शार्क'. गोल्डफिश मी झाडांच्या टाकीसाठी कुणालाही देत नाही. तो कोवळी पानं खातो, वाळू उकरतो आणि घाण भरपूर करतो. वाळू उकरली की खालची माती वर येते, आणि मग तुम्ही लिहिता 'माती भरून दिली'! शार्क नावाचा, जात पंगासची. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो बहुतेक हाच. वाढला तर तीन-चार फूट होतो. दोन फुटांच्या टाकीत तो वळणार कुठं? हे मासे सहाव्या दिवशी दुसऱ्या दुकानातून आणले, असं दाजींनीच मला नंतर फोनवर सांगितलं. त्या दुकानाबद्दल मला काही बोलायचं नाही. पण स्टार मात्र माझा कापला गेला.

मासे वर येऊन धापा टाकायला लागल्यावर तुम्ही तीनदा सगळं पाणी काढून नवं भरलंत आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतलात. चांगल्या मनानं केलंत, कळतं मला. पण थेट पाइपलाइनचं असो नाहीतर जुन्या लायनीचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. माशांना तो बाधतो, आणि जे थोडे जिवाणू धरले असतील तेही त्यात गेले. पाणी बदलायचं ते पाव हिस्सा, आणि एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं.

मातीबद्दल थोडक्यात. ती फसवणूक नाही, पद्धत आहे. खाली चाळलेली, खत न घातलेली माती इंचभर, वर दीड इंच वाळूचं झाकण. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर नको, महागडी खतं नकोत. वॉलस्टॅड पद्धत म्हणून जगभर करतात. अकरा वर्षं मी हेच करतोय, दुकानात शिरल्यावर डाव्या हाताला जी टाकी आहे ती अशीच आहे.

लाईट सहा-सात तास सांगितली होती. तुम्ही सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ठेवलीत, आणि फोटोत टाकीवर खिडकीचं ऊन पडलेलं दिसतंय. सांडपाणी आणि ऊन एकत्र आलं की पाणी हिरवं होतं, हे रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्याला मी काय सांगणार.

आता माझं काय चुकलं तेही लिहितो, नाहीतर म्हणाल नुसता आमच्यावरच ढकलतोय. ती रुंद पानांची तपकिरी झाडं, क्रिप्ट, जागा बदलली की सुरुवातीला पानं वितळवतात. झाड मेलेलं नसतं, मूळ जिवंत असतं, काही आठवड्यांत नवी पानं फुटतात. हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. गर्दी होती, दुकानात मी एकटाच होतो, राहून गेलं. तुम्ही ती उपटून कचऱ्यात टाकलीत, त्यात तुमची चूक नाही. टाकी घरात कुठं ठेवणार हेही विचारायला हवं होतं. आणि फोन: रविवारी रात्री पावणेअकराला आलेला मिस्ड कॉल सकाळी बघितला, सव्वानऊला लावला, तुमच्याकडून कट झाला. पुन्हा लावायला हवा होता, तो माझा आळस.

यापुढे बिलासोबत सूचनांचा कागद देणार आहे. छापायला टाकायचाय, बघू, या महिन्यात होईल.

ताई, राग मानू नका, पण काल एक जण दुकानात आला, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे खरं काय ओ? आजारी मासे देता?" घ्यायला आला होता तो टाकी. न घेताच गेला. आई गल्ल्यावर बसली होती, तिनंही ऐकलं.

तुमची झाडं मी भरून देतो, क्रिप्टची चार रोपं, पैसे नाहीत. लाकडाला दोऱ्यानं बांधलेलं अनुबियास अजून हिरवं दिसतंय, ते काढू नका, आणि त्याचा आडवा खोडका वाळूत पुरू नका, कुजेल. माझ्या चालू टाकीतला मळका स्पंजही देतो, तो तसाच लावा, धुवू नका. शार्क जगला असेल तर घेऊन या, माझ्या चार फुटांच्या टाकीत तात्पुरता सोडतो.

एक स्टार राहू दे. 'आजारी मासे गळ्यात मारले' एवढं वाक्य मात्र काढा.

सकाळी अकरानंतर या. येताना टाकीचं पाणी बाटलीत आणा, तपासून देतो. बाटली साबणानं धुतलेली नको.