घाटावरच्या माणसानं समुद्राबद्दल बोलू नये म्हणे

'एक कोकणी, सध्या मुक्काम पुणे' यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी चहा घेता घेता परत वाचली, म्हटलं रात्री आलेला राग झोपेचा असेल, पण नाही, सकाळी पण तेवढाच आला. म्हणून हे लांबलचक उत्तर. ज्यांना एवढं वाचायचं नसेल त्यांनी सरळ पुढं जावं.

बाकीच्यांसाठी आधी यांनी काय लिहिलंय ते सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर मी लेख लिहिला होता, तिथं झेंड्यांच्या मधेच का पोहायचं ते त्यात सांगितलं होतं. त्याखाली हे म्हणतात: "घाटावरच्या, त्यातून बेळगावच्या माणसानं आम्हाला समुद्र शिकवू नये. भरती-ओहोटी कळणाऱ्याला झेंडे लागत नाहीत. गोल्ड कोस्ट म्हणजे सिमेंटचा किनारा आणि पाळण्यांची जत्रा, तेवढ्या पैशात अख्खं कोकण चार वेळा बघून होईल. आणि तिथल्या पार्कात माणसं मेली ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत." शेवटी माझ्या लिहिण्यातल्या बेळगावी 'की'वर पण एक हसरी इमोजी टाकलीय.

ठीक आहे. टीका करायला माझी काहीच ना नाही. पण टीका करायची एक पद्धत असते की नाही? तुम्ही मला "हे पटलं नाही" म्हणाला असता तर मी "बरं" म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही थेट माझं गाव काढलंत. गाव काढलं की माणूस ऐकून घेत नाही, मग तो बेळगावचा असो नाहीतर बार्शीचा.

एक मान्य करतो, उगाच नंतर म्हणायला नको की एकही गोष्ट मान्य केली नाही. लेखाचं नाव 'गोवा विसरा, गोल्ड कोस्ट बघा' हे जरा भडक होतं. ते मुलीनं सुचवलेलं, ती ब्रिस्बेनला असते, तिच्या मते असं नाव दिलं की लोक उघडून बघतात. तुम्ही उघडलंत, म्हणजे तिचं बरोबरच होतं म्हणायचं.

आता मुद्द्याचं. "घाटावरच्या, त्यातून बेळगावच्या माणसानं."

साहेब, माझी आई शिरोड्याची. वेंगुर्ला तालुका, तुम्हाला सांगायला नको. मे महिन्याची सुट्टी लागली की बेळगावातून लाल गाडीत बसायचं, आंबोलीच्या घाटात कुणीतरी ओकणार हे ठरलेलं, सावंतवाडीला उतरून पुढची गाडी, आणि संध्याकाळी आजोळच्या पडवीत. मिठागरं, सुरूचं बन, वेळागरची वाळू, हे मी पोस्टकार्डावर बघितलेलं नाही. माझे पाय भाजलेत तिथं. मावशीच्या हातचं तिरफळाचं बांगड्याचं तिखलं खाऊन वाढलोय मी, आणि तुम्ही मला पुण्यातनं सांगायलाय की समुद्र तुमचा. बरं असू दे तुमचा. सातबारा दाखवा.

आणि ऐका, समुद्राला भ्यायला मला कोकणातल्याच माणसानं शिकवलंय. मामा होडीवर जाणारा. आम्ही घाटावरची पोरं किनाऱ्यावर सुटलो की हा मागं उभा, गुडघ्याच्या वर पाणी गेलं की हाक. एका ठिकाणी पाणी मस्त शांत दिसायचं, लाट नाही, फेस नाही, आम्हाला वाटायचं इथं जावं, तर तो ओरडायचा, "थंय जाव नको रे, पाणी ओढता." कारण कधी सांगितलं नाही त्यानं, विचारायची सोय पण नव्हती. पावसाळ्यात तर नारळी पौर्णिमेपर्यंत तो स्वतः होडी घालत नव्हता. ज्याचा जन्म त्या पाण्यात गेला तो असा वागत होता, आणि तुम्ही म्हणताय की कळणाऱ्याला झेंडे लागत नाहीत! ज्याला खरंच कळतं ना, तोच जास्त जपून असतो.

मामानं न सांगितलेलं ते कारण मला थेट गोल्ड कोस्टला, बर्ली हेड्सच्या वाळूवर एका लाइफगार्डनं सांगितलं, तेच मी लेखात लिहिलं होतं आणि तेच तुम्हाला 'शिकवणं' वाटलं. परत लिहितो. लाटा किनाऱ्याकडं पाणी ढकलत राहतात, ते पाणी कुठून तरी परत जायला पाहिजे की. पाण्याखाली वाळूचे बांध असतात, त्या बांधाला जिथं खिंड असते तिथनं ते सगळं जोरात समुद्रात परत ओढलं जातं. त्या खिंडीवर पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून ती जागा वरनं शांत, जरा गडद रंगाची दिसते. म्हणजे नवखा माणूस जी जागा सुरक्षित म्हणून निवडतो नेमकी तीच ओढीची. इंग्रजीत तिला रिप म्हणतात, मामा ओढ म्हणायचा. त्यात सापडलं की माणूस घाबरून किनाऱ्याकडं सरळ पोहायला बघतो, दमतो आणि बुडतो. तिथं सांगतात की झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा.

आता झेंडे. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात, त्यांच्या मधेच पोहायचं. ते झेंडे कायमचे पुरलेले नसतात, तुम्हाला वाटतंय तसं. सकाळी लाइफगार्ड पाणी बघतात, बांध कुठं सरकलेत ते बघतात आणि त्या दिवशीची बरी जागा निवडतात, दिवसभरात पाणी बदललं तर झेंडे उचलून हलवतात पण. तुमच्या हॉटेलच्या अगदी समोर पाणी असेल, पण झेंडे दोनशे पावलं लांब असतील तर दोनशे पावलं चालायचं. कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, पगारी लाइफगार्ड असतात, शिवाय लाल-पिवळी टोपी घातलेले जीवरक्षक क्लबचे स्वयंसेवक, त्यात शाळा-कॉलेजातली पोरं-पोरी आणि माझ्या वयाचे लोक पण. ही स्वयंसेवकांची चळवळ तिकडं 1907 सालापासूनची आहे. त्या देशात पोरं शाळेच्या वयातच पोहायला शिकतात, तरी झेंड्याच्या मधे पोहतात. त्यांना भरती-ओहोटी कळत नाही असं तुमचं म्हणणं आहे का?

आणि भरती-ओहोटीचं गणित इथं पुरत नाही हो. ओढ भरतीत पण असते, ओहोटीत पण असते, बऱ्याचदा ओहोटीला जोर जास्त. पंचांग बघून कळत नाही ते. गोव्यात सुद्धा 2008 पासून लाइफगार्ड नेमलेत आणि तिथं पण हेच लाल-पिवळे झेंडे लावतात, आमची लोकं त्यांच्याच काठीला चपला अडकवून दुसरीकडं आंघोळीला जातात ते वेगळं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो, कारण तुम्ही "त्यातून बेळगावच्या" असं म्हणालात. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या कॉलेजची सहल गेली होती. आठ जण बुडाले. ती संध्याकाळ बेळगावात ज्यानं बघितलीय त्याला विचारा. चौकाचौकात माणसं फोन कानाला लावून उभी, कोण कुणाचा कोण हे कळेना, जिच्या घरचं कुणी गेलं नव्हतं अशी एक गल्ली पण तेव्हा नीट जेवली नसेल. त्यानंतर कितीतरी घरांनी पोरांना सहलीला पाठवायचंच बंद केलं होतं. म्हणून मी लेखात राइडपेक्षा झेंड्यांवर जास्त लिहिलं. माझा लेख वाचणारे कोण आहेत हो? बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लजकडची माणसं. शनिवारी रात्री ठरतं, रविवारी पहाटे जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाटानं गोव्यात उतरतात, दहा वाजता पाण्यात. तलावात, विहिरीत पोहणारी पोरं आमची, अंगात दम आहे, पण समुद्राची चाल ओळखत नाहीत. त्यांना घाटावरच्याच माणसानं सांगायला पाहिजे, कारण तुमच्यासारखा किनाऱ्यावरचा माणूस "आम्हाला सगळं कळतं" म्हणून गप्प बसणार. तुम्हाला शिकवायला मी लिहिलंच नव्हतं. तुम्ही मधे येऊन बसलात.

असो. जरा जास्तच लिहिलं, पण ठीक आहे.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. सिमेंटचा किनारा म्हणालात, तर सर्फर्स पॅराडाइजला दुपार कलली की टॉवरच्या सावल्या वाळूवर पडतात हे मीच लिहिलं होतं, फोटोसकट, तुम्ही बहुतेक शीर्षक वाचून खाली आलात. क्यू-वन नावाची इमारत 322 मीटर उंच आहे, वर जाऊन बघितलं तर एका बाजूला पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूला कालवेच कालवे आणि मागं हिरवे डोंगर, मला आवडलं, तुम्हाला नसेल आवडणार. पण बिल्डिंगा सोडून 50 किलोमीटरपेक्षा जास्त किनारा आहे तो, खाली करंबिन, कूलंगाटाकडं गेलात तर वेगळंच वातावरण. आणि खरी गंमत सांगू का, तुम्ही सिमेंटवर अडकलात, तिथली वाळू बघा की! दक्षिण टोकाला ट्वीड नदीच्या मुखाशी 1960 च्या दशकात दगडी बांध लांबवले आणि दक्षिणेकडनं वाहत येणारी वाळू अडली, पुढं 1967 च्या वादळांनी किनारा ओरबाडून नेला, किराचा किनारा तर पार खंगला. मग 2001 पासून नदीच्या दक्षिणेला पंप बसवून, नदीखालून पाइपनं वाळू पलीकडं टाकायला लागले, वर्षाला साधारण पाच लाख घनमीटर. मग किरात वाळू इतकी झाली की सर्फिंगवाले बोंबलायला लागले, आमची प्रसिद्ध लाट गाडलीत म्हणून. टीका करायचीच होती तर ह्यावर करायची होती, मजा आली असती वाद घालायला.

पाळण्यांची जत्रा, होय, जत्राच आहे. मला जत्रा आवडते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत वाढलेला माणूस आहे मी, पाळण्याला नाक मुरडणाऱ्यातला नाही. तिथल्या मूव्ही वर्ल्ड पार्कमध्ये आमची मिसेस ज्या राइडवर बसली तिच्याकडं बघून मला खाली उभं राहून चक्कर आली, त्याचा व्हिडिओ नातवानं फॅमिली ग्रुपवर टाकलाय, त्यावर तुमच्यापेक्षा वाईट कमेंट आल्यात.

पैशाचं म्हणाल तर राहायला मुलीचं घर, ट्राम-बस-ट्रेनला क्वीन्सलंडात एका प्रवासाला 50 सेंट, मग कुठंही जा, ब्रिस्बेनहून आलात तरी तेवढेच. पार्कची तिकिटं महाग आहेत हे मी लिहिलंच होतं. आणि कोकण मी चार वेळा नव्हे, आयुष्यभर बघितलंय, वर सांगितलं.

अपघाताचं. ऑक्टोबर 2016, तिथलं ड्रीमवर्ल्ड पार्क, पाण्यातल्या राफ्टची राइड, चौघं गेले, ती राइड पुन्हा सुरू झाली नाही, 2020 मध्ये कंपनीला 36 लाख डॉलर दंड झाला. माहीत आहे मला. गाळायचा प्रश्नच नाही, तो लेख किनाऱ्याचा होता, पार्कचा नव्हता, पार्कला त्यात दोनच परिच्छेद होते. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट येत नसते. तुमच्या प्रतिक्रियेत तरी कुठं सगळं आलंय? चौघांचं तुम्हाला आठवलं, वायरीचे आठ आठवले नाहीत, आणि तुम्ही कोकणातले.

राहिला माझ्या बोलण्यातला 'की'. तो जाणार नाही. आमच्याकडं पोस्टमन, डॉक्टर, भाजीवाली, कंडक्टर सगळ्यांशी दिवसभर दोन भाषांत बोलावं लागतं, त्यात मराठी अशी राहिलीय हेच खूप आहे. एक नोव्हेंबर आला की तुमच्याकडच्या पेपरात सीमाभाग आठवतो, काळा दिन, मोठे मोठे अग्रलेख, आणि एरवी आमच्या मराठीवर इमोजी. हे लिहायचं नव्हतं, पण तुम्हीच सुरुवात केलीत.

परत प्रतिक्रिया द्यायची असेल तर जरूर द्या, डिलीट करणार नाही, फक्त आधी लेख शेवटपर्यंत वाचा. नाव पण लिहा स्वतःचं, कोकणी माणूस एवढा लाजरा कधीपासून झाला?

आणि खाली निपाणीच्या ताईंनी विचारलंय की किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं दिसणारं चावलं तर व्हिनेगर लावायचं का. ताई, त्या ब्लूबॉटलला व्हिनेगर नको, तंतू धुवून काढायचे आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवायचा. व्हिनेगर तिकडं वरच्या गरम पट्ट्यातल्या बॉक्स जेलीफिशसाठी वापरतात, ते वेगळं. व्हिसाचं तुम्हाला मेल करतो.