प्रयोगशाळेचा सत्यनारायण : पूर्वतयारी

अनुदानित शाळेत नवी प्रयोगशाळा झाली की उद्घाटनाला सत्यनारायण घालावाच. त्याला तिथी-वाराचं बंधन फारसं नाही, तेव्हा 28 फेब्रुवारी धरा; राष्ट्रीय विज्ञान दिनही त्याच खर्चात उरकतो.

रवा, साखर, तूप प्रत्येकी सव्वा किलो, दूध तीन लिटर, केळी डझनभर. रवा मंद आचेवर खरपूस भाजा आणि दूध उकळतंच घाला. गार घातलं की गुठळ्या होतात. शंभरेक द्रोण भरतात. केळीचे खांब रसायनांच्या कपाटाला बांधू नका, दार उघडत नाही. (ते एरवीही बंदच असतं, ते सोडा.) पूजेला जोडपं लागतं. मुख्याध्यापिका विधवा असतील तर संस्थेचे अध्यक्ष सपत्नीक बसतील. बाईंनी तीर्थाची रांग सांभाळावी. भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर असेल तर तिलाही हार घाला, म्हणजे कोणी बोलत नाही.

खरी अडचण कागदाची. संविधानाच्या कलम 28(3) प्रमाणे अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. सहलीला आपण संमतिपत्र घेतो, इथे चुकूनही घेऊ नका. कागद घरी गेला की एखादा बाप वाचतो. सूचनावहीत ‘सांस्कृतिक कार्यक्रम, उपस्थिती अनिवार्य’ एवढंच लिहा.

पोथी पूर्ण वाचून घ्या. भटजी घाईत पाचवा अध्याय गुंडाळू पाहतील, तर ऐकू नका. गवळ्यांनी दिलेला प्रसाद तिथेच टाकून गेलेल्या तुंगध्वज राजाचे शंभर मुलगे आणि सारं वैभव जातं, हे कानावर पडलं की प्रसाद नको म्हणणारं पोरही मुकाट हात पुढे करतं. संमतीचा प्रश्न तिथेच मिटला. चौथा मात्र जपून. कलावती प्रसाद न घेता धावते आणि नवऱ्याची नाव बुडते. आठवीला उत्प्लावक बल शिकवून झालेलं असतं. कोणीतरी हात वर करून विचारतं, नावेचं वजन वाढलं होतं का? असल्या पोराला आधीच चपला राखायला बसवा. विज्ञानाच्या सरांच्या हाती झांज द्या.

पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनही येतो. दुपारच्या वक्तृत्व स्पर्धेला तोच विषय द्या. परीक्षक शिक्षण खात्यातलेच बोलवा, आणि त्यांचे द्रोण वर काजू-बेदाणे घालून आधीच बाजूला काढा; तीनपर्यंत पातेल्यात तळाला लागलेला शिराच उरतो.