‘मायक्रोवेव्ह नुसता शोभेला’ या अभिप्रायावर गाडीमालकाचं उत्तर

ताई, नमस्कार. तोरणमाळला आमच्या भाड्याच्या कॅम्पर गाडीत (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली) तुमच्या सासूबाईंना रात्र अंधारात काढावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मायक्रोवेव्ह नुसता शोभेला, ५ मिनिटांत बॅटरी बसली, पाण्याचा पंपही बंद, ‘ही सरळ फसवणूक’ असं तुम्ही लिहिलंय. अंधार मान्य, पंप मान्य. पण ती ५ मिनिटं काही गळ्याखाली उतरत नाहीत.

८०० वॅटचा मायक्रोवेव्ह म्हणजे ८०० अन्नाला मिळतात. तो स्वतः ओढतो १२०० च्या आसपास. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते झाले १०० अँपिअर, इन्व्हर्टर खातो ते धरून ११० च्या वर. गाडीत १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे १ अँपिअर १५० तास) बॅटरी आहे, त्यातली निम्मीच वापरायची असते, म्हणजे ७५. तरी १० मिनिटांना १८-१९ एएच जातात. तेवढ्यात आतले दिवे रात्रभर चालतात. ५ मिनिटांत ती बसेल कशी?

गाडी परत आली तेव्हा मायक्रोवेव्हच्या आत, वरच्या पत्र्याला वांग्याचा गर न् बिया वाळून चिकटलेल्या होत्या. पोरगा चमच्याने खरवडत बसला होता. टोचे न मारता वांगं आत ठेवलं की वाफ कोंडते आणि ते फुटतं. आठ जणांचं भरीत केलं असं तुम्हीच कौतुकाने लिहिलंय. तेवढी वांगी एकेक करून ५ मिनिटांत झाली? आणि भरीताची वांगी काड्यांवर भाजायची, हे जळगावच्या माणसाला मी काय सांगू! गाडीत गॅसची शेगडी होती, सिलिंडर भरलेला होता.

चावी देताना दाजींना म्हटलं होतं, मायक्रोवेव्ह लावायचा तर इंजिन चालू ठेवा, नाहीतर २० मीटर वायर दिलीय, मुक्कामाच्या ठिकाणी प्लगला जोडा. त्यांनी मान हलवली. रात्री पावणेबाराला फोन आला, मी उचलला. अर्धा तास इंजिन चालू ठेवा म्हणालो, तर उत्तर आलं, ‘डिझेल आमचं जळतं.’ हे अभिप्रायात कुठे दिसलं नाही. साफसफाईचे पैसेही मी कापले नाहीत.

जाहिरातीत नुसतं ‘मायक्रोवेव्हसह’ लिहिलं होतं, अट लिहिली नव्हती, ती चूक माझी. बटणापाशी मोठ्या अक्षरात कागद लावतो. लिथियम बॅटरीचंही बघतो, हप्ते जरा सुटू देत. एकच गाडी आहे ताई, तुमचं वाचून या आठवड्यात दोघांनी बुकिंग रद्द केलं.

तुमचा स्टीलचा डबा मागच्या सीटखाली राहिला होता. धुऊन ठेवलाय, झाकणही आहे. दाजी इकडे आले की घेऊन जातील.