निवेदनात मावशींसाठी एक ओळ हवी

गेल्या आठवड्यात आईने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. पुण्यात कोथरूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी सोसायटी पाडून नवी इमारत झाली आहे, तिच्या तळमजल्यावर एक महागडं सुपरमार्केट येतंय. त्याला विरोध करणारं निवेदन होतं ते. वाहतुकीची कोंडी होईल, पार्किंगला जागा उरणार नाही, मालाचे टेम्पो रात्री-अपरात्री येतील, परिसराची शांतता जाईल. खाली पन्नास-साठ सह्या. "करू ना गं सही?" एवढंच आईने विचारलं होतं.

कर, म्हटलं मी. पण मग तो कागद पुन्हा वाचला आणि अस्वस्थ झाले. त्यात कोंडी होती, पार्किंग होतं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी कुठेच नव्हत्या.

मी २०१७ पासून बर्लिनमध्ये राहते. इथे क्रॉइत्सबर्ग भागात आपल्या मंडईसारखा एक छपराखालचा बाजार आहे, मार्कटहाले नॉइन, १८९१ सालचा. शहराने तो विकायला काढला तेव्हा आसपासचे रहिवासी उभे राहिले. बड्या गुंतवणूकदाराच्या घशात जाण्याऐवजी, छोट्या विक्रेत्यांना आणि जवळपासच्या शेतमालाला जागा देऊ म्हणणाऱ्यांच्या हाती तो गेला आणि २०११ मध्ये नव्याने उघडला. लोकांनी जिंकलेली लढाई होती ती. उत्तम पाव, गावाकडचं चीज, गुरुवारी संध्याकाळी खाण्याच्या गाड्या असं सगळं तिथे आलं. भावही त्याच तोलाचे. आत एका बाजूला आल्डी या स्वस्त साखळीचं दुकान मात्र जुन्या काळापासून टिकून होतं. २०१९ मध्ये बाजार चालवणाऱ्यांनी ते बंद करून तिथे डीएम या साखळीचं साबण-शाम्पू-प्रसाधनांचं दुकान आणायचं ठरवलं, आणि आसपासचे लोक रस्त्यावर उतरले. एका साखळी दुकानाच्या बाजूने!

मला आधी काही कळेचना. कळलं ते आमच्या इमारतीतल्या तुर्की आजींमुळे. दोन चाकांची कापडी पिशवी ओढत त्या तिथे जायच्या. दूध, पीठ, अंडी, तेल घ्यायच्या आणि चीजच्या ठेल्यांकडे न बघता परत यायच्या. त्यांचं आणि माझं जर्मन सारखंच मोडकं. त्यांनी हाताने दाखवून सांगितलं, एवढ्या मोठ्या बाजारात माझ्यासाठी ते एकच दार आहे. तेव्हापासून कुठल्याही दुकानाच्या वादात मी आधी हेच बघते, की तिथून पिशवी भरून कोण निघणार आणि कोणाला नुसतं काचेतून बघत पुढे जावं लागणार.

आमच्या गल्लीत सुपरमार्केटच्या बाजूने बोलणारेही आहेत. "परदेशात सगळीकडे असंच असतं," म्हणतात. असं नसतं हो! इथे माइबाखउफरला कालव्याच्या कडेने दर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. संध्याकाळी उठायच्या वेळी विक्रेते ओरडून ओरडून उरलेल्या भाजीची खोकी स्वस्तात काढतात, आणि आयाबाया त्याच वेळेचा अंदाज घेऊन येतात. पुण्याच्या मार्केट यार्डातनं, म्हणजे घाऊक बाजारातनं, आलेल्या मालाची आवराआवर मी लहानपणी पाहिली आहे, तशीच.

सुपरमार्केटवर माझा राग नाही. परदेशी चीज हवं तर पूर्वी कॅम्पात दोराबजीच्या दुकानात जावं लागायचं. आता ते कोथरूडला मिळणार असेल तर ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. नुकसान होतं ते गाळ्यांच्या भाड्यातून. पाडलेल्या सोसायटीच्या खाली किराणावाले शेठ होते, एक शिंपी होता आणि पिठाची गिरणी होती. पुनर्विकासात फ्लॅटवाल्यांना वाढीव जागा मिळाली. गाळे भाड्याचे होते, त्यामुळे त्या तिघांना सामान उचलावं लागलं. नव्या गाळ्याचं भाडं गिरणीवाल्याला या जन्मी परवडणार नाही. आषाढी जवळ आली की ते काका जातं स्वच्छ करून आधी सगळ्यांची उपासाची भाजणी दळायचे, गव्हाचे डबे संध्याकाळपर्यंत थांबायचे. आईचा डबा झाकणावरच्या दोऱ्यावरून ओळखायचे. आता आई भाजणी घेऊन रिक्षाने जाते. हे काम कुठलंच सुपरमार्केट करणार नाही, आणि या निवेदनात त्याबद्दल एक शब्द नाही.

आता मावशींचं. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल घेऊन साडेसातला त्या कोपऱ्यावर बसतात. ऋषिपंचमीच्या भाजीसाठी अळू, लाल भोपळा, माठाचे देठ आईसाठी वेगळे बांधून ठेवतात. पेन्शन जमा व्हायच्या आधी "असू द्या वहिनी, पळून जाताय का" म्हणतात. चार वर्षांपूर्वी याच सह्या करणाऱ्यांपैकी काहींनी फुटपाथ मोकळा करा म्हणून तक्रार केली होती. महापालिकेची गाडी आली, पाटी आणि वजनकाटा उचलून घेऊन गेली. आठ दिवस मावशी दिसल्या नाहीत. आज त्याच लोकांना "आपल्या परिसराचं रूप" जपायचंय. माणसं वाईट नाहीत ती, त्यातल्या दोघांच्या मांडीवर मी खेळले आहे. पण परिसराचं रूप म्हणजे कोण, हे त्यांनी ठरवावं असं मला कळकळीनं वाटतं.

कारण उपाय हाताशी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं, त्यांना प्रमाणपत्र मिळायला हवं. विक्रीच्या जागा ठरवताना नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं घ्यायचं असतं. त्या समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि रहिवाशांच्या संघटनांनाही तिथे जागा आहे. म्हणजे साठ सह्या गोळा करू शकणारी गल्ली तिथे जाऊन म्हणू शकते, की आमच्या कोपऱ्यावर मावशींना अधिकृत जागा द्या.

पुण्याला बाजारावरून भांडणं नवं नाही. एकोणिसाव्या शतकात नगरपालिकेने नवी मंडई बांधायचं काढलं, तेव्हा सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. हा पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. रे मार्केट म्हणून बांधलेल्या त्याच मंडईला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. गावाचा पैसा कोणाच्या कामी येणार, हे त्यांनी विचारलं होतं. आमच्या निवेदनाने निदान तेवढं तरी विचारावं.

इतक्या लांबून बोलणं सोपं आहे, हे मला ठाऊक आहे. टेम्पोचे हॉर्न आईला ऐकावे लागणार, मला नाही. म्हणून सही कर, हे मी मागे घेतलेलं नाही. फक्त दोन मुद्दे जोडायला सांगितले: मावशींना ठरलेली जागा मिळावी, आणि नव्या इमारतीतला एक छोटा गाळा गिरणीवाल्यांना परवडेल अशा भाड्याने मिळावा.

आईने काल सेक्रेटरी काकांना फोन केला. रविवारच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. मावशींनाही बोलवा, असं आईने सुचवलं. सभा सकाळी दहाची होती, तेव्हा मावशींचा ऐन धंदा असतो. आईने ती दुपारी तीनला ढकलायला लावली आहे.